जुन्या छायाचित्रातील माणसाचा माग : चामोर्शी परिसरातील वंशावळीच्या नोंदी

जुन्या छायाचित्रात चेहरा, पेहराव, दागिने आणि उभे राहण्याची ढब हे सारे स्पष्ट दिसत असले, तरी त्या व्यक्तीचे नाव, गाव, जन्ममृत्यूची साले आणि नातीगोती छायाचित्र स्वतः सांगत नाही. ही माहिती त्या माणसाच्या हयातीत महसूल खात्याने, पोलीस ठाण्याने, शाळेने आणि नातेवाइकांनी ज्या नोंदी ठेवल्या किंवा ज्या आठवणी जपल्या, त्यांतून एकेक करून जमवावी लागते. अशा पुराव्यांवरून पिढ्यांचा क्रम आणि परस्परनाते निश्चित करण्याच्या अभ्यासाला वंशावळशास्त्र म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका या अभ्यासाच्या दृष्टीने कठीण आहे आणि तितकाच समृद्धही आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा प्रदेश अनेक राजवटींखाली आणि प्रांतांत गेल्याने त्याची कागदपत्रे विखुरली; परंतु जातपडताळणी आणि वनहक्क या दोन कारणांनी येथील असंख्य कुटुंबांना आपली वंशावळ कागदोपत्री सिद्ध करावी लागली, त्यामुळे जुन्या नोंदी कोठे मिळतात याचे ज्ञान येथे घरोघरी आढळते.

शोधाची पहिली पायरी छायाचित्राचा काळ ठरवण्याची आहे, कारण काळ ठरल्याशिवाय कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या चाळायच्या हे कळत नाही. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीही स्थापन झाली. तथापि जंगलपट्ट्यातील सामान्य कुटुंबांपर्यंत ही कला साहजिकच फार उशिरा पोहोचली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, साधारण सहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असे तपकिरी छायाचित्र हाती आले, तर ते ‘कार्त द व्हिजित’ या १८५४ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट झालेल्या प्रकारातले असण्याचा संभव असतो, तर त्याहून मोठे, साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटरचे ‘कॅबिनेट कार्ड’ १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आले. विसाव्या शतकातील कृष्णधवल छायाचित्रे बहुधा जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर छापलेली असतात, आणि त्यांच्या पाठीवर कागद बनवणाऱ्या कंपनीचे नाव, स्टुडिओचा शिक्का किंवा गावाचे नाव उमटलेले असू शकते. छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने १९५० च्या दशकापासून वापरली जाऊ लागली. ही रसायने अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, म्हणून नोटा तपासण्याच्या साध्या दिव्याखाली कागद चमकला, तर ती प्रत त्याआधीची नाही असे मानता येते. मात्र या चाचणीने केवळ प्रतीचे वय कळते. मूळ छायाचित्र कितीतरी जुने असून त्याची नवी प्रत नंतर काढली गेली असेल, ही शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते.

पेहरावावरून काळ ठरवताना अधिक सावधगिरी लागते, कारण स्टुडिओत कोट, घड्याळ, खुर्ची आणि रंगवलेला पडदा या वस्तू छायाचित्रकाराच्या मालकीच्या असत, आणि त्यांच्यावरून त्या माणसाच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. याउलट वनरक्षकाचा गणवेश, पोलिसाचा पट्टा किंवा शाळेच्या सामूहिक छायाचित्रात पुढे धरलेली पाटी हे दुवे भक्कम असतात, कारण त्यांच्यामागे सेवापुस्तक किंवा शाळेची नोंदवही अशी लेखी मालिका उभी असते.

छायाचित्राखाली किंवा पाठीमागे नाव लिहिलेले असले तरीही ते पारखून घ्यावे लागते, आणि याचे उत्तम उदाहरण मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका छायाचित्रात मिळते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या सबात इस्लांबुली या तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र काढले गेले. त्याखालील ओळींत सबात यांचे नाव ‘तबात’ असे छापले गेले आणि पुढे अनेक दशके तेच चुकीचे नाव उद्धृत होत राहिले. एका अक्षराच्या फरकाने शोध घेणारा भलत्याच नावामागे जातो, म्हणून संस्थेच्या प्रवेशनोंदी, पदवीच्या याद्या आणि माजी विद्यार्थिनींच्या सूची एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. १९१९ मधील अशाच एका सूचीवरून सबात त्या वेळी कैरोत असल्याचा माग लागतो. आनंदीबाईंच्या बाबतीत नोंदी दोन खंडांत विखुरल्या आहेत. माहेरचे यमुना हे नाव विवाहानंतर बदलले, पदवी १८८६ मध्ये मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले आणि अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्यांच्या अमेरिकेतील यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. एका व्यक्तीचे एकवीस वर्षांचे आयुष्य जुळवण्यासाठी दोन नावे, दोन देश आणि चार प्रकारची कागदपत्रे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे छायाचित्राखालचे नाव ही शोधाची केवळ सुरुवात कशी असते ते समजते.

चामोर्शीच्या बाबतीत नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न अधिकारक्षेत्राचा आहे, कारण कागद ज्या काळी ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत तयार झाला, त्याच कार्यालयाच्या किंवा त्याच्या उत्तराधिकाऱ्याच्या दप्तरात तो शोधावा लागतो. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर त्या प्रांताचा भाग बनला. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा या तहसिलींतील जमीनदारी मुलूख काढून गडचिरोली ही नवी तहसील बनवण्यात आली. स्वातंत्र्यानंतर हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे १९३० साली जन्मलेल्या माणसाची नोंद शोधताना आजच्या जिल्ह्याची सीमा डोळ्यांपुढे ठेवून चालत नाही. चामोर्शी आणि गडचिरोलीच्या तहसील कार्यालयांतील अभिलेख कक्षांबरोबर चंद्रपूरचे दप्तर आणि राज्य पुराभिलेख विभागाची नागपूर शाखा येथेही चौकशी करणे भाग पडते. दक्षिणेकडील सिरोंचा हा १८७४ पर्यंत अपर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्याचा भाग होता आणि तेथे तेलुगूचे प्राबल्य आहे, तर वर्धा नदीपलीकडील राजुरा हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कागदांवर फसली सन आढळतो, ज्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. एखाद्या घरातील सून सिरोंच्याची किंवा राजुऱ्याची असेल, तर तिच्या माहेरचा शोध वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या कालगणनेत शिरतो.

या प्रदेशातील सर्वांत जुनी सलग लेखी मालिका जमिनीच्या नोंदींची आहे. मेजर लुसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या पहिल्या जमाबंदीचा अहवाल १८६९ मध्ये सादर केला. या जमाबंदीला त्या भागात बंदोबस्त म्हणत आणि गावागणिक तयार झालेल्या तिच्या कागदांच्या जुडग्याला बंदोबस्त मिसल असे नाव होते. सरकारला सारा भरण्याची जबाबदारी घेणाऱ्या मालगुजारांची व त्यांच्या हिश्श्यांची नोंद खेवट या कागदात, कुळांची आणि त्यांच्या शेतांची नोंद जमाबंदी याच नावाच्या पत्रकात, तर गावाच्या वहिवाटी आणि जंगलातून लाकूड, गवत, कंदमुळे घेण्याचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांत लिहिले जात. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी आणि जमीनदारी हक्क संपुष्टात आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत तयार झालेले अधिकार अभिलेख हे जुन्या आणि नव्या व्यवस्थांना जोडणारे कागद ठरले, कारण मालगुजारी काळातील कुळाचे नाव आणि आजच्या सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव यांच्यामधील दुवा तेथे सापडतो.

या कागदांत नाव लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती समजल्याशिवाय वंशावळ उलगडत नाही. पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ येते आणि त्यानंतर बापाचे नाव असते, विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘जौजे’ म्हणजे अमुक याची पत्नी असे लिहिलेले असते, विधवेसाठी ‘बेवा’ हा शब्द येतो, वारस लहान असेल तर त्याच्या वतीने पाहणाऱ्याचा उल्लेख अज्ञान पालनकर्ता असा होतो, आणि ‘साकिन’ या शब्दानंतर राहण्याचे गाव दिलेले असते. एखाद्या शेताच्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीत, मयत खातेदाराच्या जागी विधवा आणि तीन मुलगे लागलेले दिसले, तर दोन पिढ्या एका ओळीत मिळतात आणि फेरफाराच्या तारखेवरून मृत्यूचे सालही अदमासे ठरते. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी वाचणारा जाणकार सोबत असल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही; २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर महाराष्ट्रभर मोडी वाचकांची निकड भासली, त्यावरून या लिपीचे आजचे व्यावहारिक महत्त्व सर्वांच्या लक्षात आले.

ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्या माणसासाठी दुसरी मालिका उपयोगी पडते आणि विदर्भात ती कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी या नावाने प्रसिद्ध आहे. गावचा कोतवाल गावातील जन्म आणि मृत्यू ठरावीक मुदतीने पोलीस ठाण्यात कळवीत असे, आणि त्या वहीत तारीख, गाव, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी आणि मृत्यू असल्यास त्याचे कारण अशी नोंद होत असे. जन्म बारशापूर्वीच कळवला जात असल्याने पुष्कळ ठिकाणी बालकाचे नाव मिळत नाही. केवळ बापाच्या नावापुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ इतकेच असते, त्यामुळे एकाच घरात अनेक भावंडे जन्मली असल्यास कोणती नोंद कोणाची हे इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. मृत्यूच्या रकान्यात ताप, देवी, पटकी, हगवण अशी मोजकीच कारणे येतात. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्य प्रांतात प्रचंड प्राणहानी झाली तेव्हा असंख्य मृत्यू ‘ताप’ याच सदरात जमा झाले. एखादी व्यक्ती १९१८ नंतर कोणत्याही कागदात दिसेनाशी होत असेल, तर त्या वर्षीच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या नोंदी सर्वांत आधी पाहणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी मालिका शाळेची आहे. विदर्भातील प्राथमिक शाळांत जे दाखल-खारीज रजिस्टर ठेवले जाते, त्यात विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण इतकी माहिती एका ओळीत मिळते. येथील जन्मतारखेवर मात्र पूर्ण विसंबून चालत नाही, कारण पालकांना तारीख सांगता आली नाही की शिक्षक १ जून किंवा १ जुलै अशी सोयीची तारीख घालत, आणि एकाच वर्गातील अनेक मुलांची जन्मतारीख एकच दिसते ती यामुळेच. कोतवाल बुकातील जन्म आणि शाळेतील तारीख यांत एकदोन वर्षांचा फरक पडला तर तो मनुष्य वेगळा असे लगेच समजू नये. परंतु बापाचे नाव, जात आणि गाव यांपैकी दोन गोष्टी जुळत नसतील, तर मात्र ओळख पटली असे म्हणता येत नाही.

येथे वंशावळशास्त्राचा मुख्य नियम लागू होतो, तो असा की ओळख एका नोंदीवर ठरत नाही, तर वेगवेगळ्या हेतूंनी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या निदान दोन नोंदींचा मेळ बसावा लागतो. सारा वसूल करणाऱ्याला जमीन कसणारा हवा होता, पोलिसाला जन्ममृत्यूची संख्या हवी होती, शिक्षकाला वर्गातील मूल हवे होते. प्रत्येकाने आपल्या कामापुरताच माणूस पाहिला आणि बाकीचा वगळला. दोन हेतूंच्या नोंदी जेव्हा एकाच नावाकडे, एकाच बापाकडे आणि एकाच गावाकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या माणसाचे अस्तित्व कागदावर पक्के होते. हा नियम गडचिरोलीत विशेष काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण गोंड समाजात आत्राम, मडावी, कुमरे, गेडाम, टेकाम यांसारखी कुळनावे अनेक गावांत पसरलेली आहेत आणि समाजाची रचना चार, पाच, सहा व सात देवे मानणाऱ्या गटांत, म्हणजे सगांत, झालेली आहे. एकाच सगातील कुळांत सोयरीक होत नाही, त्यामुळे छायाचित्रातील नवरा-बायकोची कुळे कळली आणि ती एकाच सगातील निघाली, तर नावांच्या वाचनात किंवा आठवणीत चूक असल्याचा तो इशारा समजावा.

सर्वांत अवघड शोध स्त्रियांचा असतो, कारण जमीन नसल्याने त्या खेवटात येत नाहीत, शाळेत न गेल्याने दाखल-खारीज रजिस्टरमध्ये दिसत नाहीत, आणि विवाहानंतर गावाबरोबर नावही बदलल्याने माहेरच्या व सासरच्या कागदांतील त्या एकच आहेत हे सहजी कळत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई किंवा तमक्याची बायको असेच सांगितले, आणि देशभरातील अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळावी लागली. ज्या राज्यांत हे प्रमाण मोठे होते त्यांत मध्य प्रदेशही होता, आणि चांदा जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. म्हणून छायाचित्रातील स्त्रीचा माग बहुधा तिच्या भोवतालच्या पुरुषांवरून घ्यावा लागतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ‘बेवा’ म्हणून लागलेले नाव, भावाच्या शेताच्या फेरफारात हक्क सोडणारी बहीण, आणि मुलांच्या जन्मनोंदींतील अंतर या तीन ठिकाणी ती कागदावर उमटते, आणि तेथूनच तिचे वय, माहेर आणि वैधव्याचा काळ जुळवता येतो.

जेथे कागद नाही तेथे मौखिक परंपरेला पुराव्याचे मोल येते. गोंड घराण्यांच्या कुळकथा आणि पूर्वजांची नामावळी किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गाणारे प्रधान हे पिढीजात वंशगायक आहेत, आणि यजमान घराशी असलेल्या त्यांच्या नात्यामुळे त्या घराचा जो क्रम त्यांना पाठ असतो तो कोणत्याही सरकारी दप्तरात नसतो. अशी नामावळी जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही, कारण तिच्यात पिढ्या गळतात आणि पराक्रम वाढतात. पण अलीकडच्या तीन-चार पिढ्यांपुरती ती कोतवाल बुकाशी ताडून पाहता येते. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या कायद्याखालील नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन आणि पूर्वीच्या अभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ या दोहोंना पुरावा म्हणून मान्यता दिली आहे. चामोर्शी तालुक्यात आणि शेजारच्या मुलचेरा परिसरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्याही आहेत, आणि त्यांच्या घरातील जुन्या छायाचित्राचा माग स्थानिक बंदोबस्तात लागणे शक्य नसते. तेथे निर्वासित छावणीचे कागद, पुनर्वसनाच्या जमिनीचे वाटपपत्र आणि सोबत आलेल्या शेजाऱ्यांच्या आठवणी हाच आधार असतो.

छायाचित्र घरात नसून एखाद्या ग्रंथात किंवा संग्रहालयात असेल, तर अडचण वेगळी असते. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेत, तसेच रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांत, पुष्कळ माणसे केवळ आपल्या जातीचा नमुना म्हणून छापली गेली आणि त्यांची नावे दिली गेली नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या छायाचित्रांतही देवळाची उंची कळावी म्हणून पायथ्याशी माणूस उभा केलेला असे. अशा व्यक्तीचा शोध छायाचित्रकाराच्या दौऱ्याच्या तारखांपासून आणि गावाच्या नावापासून सुरू करावा लागतो, आणि ओळख पटली तर ती त्या माणसाच्या वंशजांना कळवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

चामोर्शीतील कुटुंबांच्या बाबतीत आनंदाची गोष्ट अशी की या कामाचा मोठा भाग अनेक घरांत आधीच झालेला आहे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे पुरावे द्यावे लागतात, आणि त्यासाठी मुलामुलींच्या शिक्षणाच्या निमित्ताने आईवडिलांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाच्या नकला काढल्या, शाळेतून दाखल-खारीजचे उतारे घेतले आणि पणजोबांपर्यंतची वंशावळ शपथपत्रावर लिहून दिली. दाखला हाती आला की ही कागदांची पिशवी कपाटात ठेवली जाते आणि भिंतीवरचे किंवा पेटीतले छायाचित्र निनावीच राहते. या दोन वस्तू एकत्र आणल्या, वंशावळीतील प्रत्येक नावापुढे घरात असलेले छायाचित्र जोडले, आणि छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनऐवजी मऊ शिसपेन्सिलीने नाव, नाते, गाव, अंदाजे साल आणि ही ओळख कोणी सांगितली हे लिहिले, तर पुढच्या अभ्यासकाला ते नाव कोणत्या आधारावर टिकते हे तपासता येईल. वंशावळीत स्त्रियांची माहेरची नावे वेगळ्या रंगाने भरावीत, कारण जातपडताळणीच्या वंशावळीत पितृकुळच तेवढे असते आणि आई, आजी, पणजी तेथे सुटून जातात. कोतवाल बुके जुन्या कागदाची असून वाळवी आणि ओल यांनी त्यांची पाने गळत आहेत, आणि ज्यांना छायाचित्रातील चेहरे ओळखता येतात अशी माणसे ऐंशी-नव्वदीत आहेत. म्हणून कागदाच्या नकला आणि वृद्धांची निवेदने ही दोन कामे याच पिढीने हाती घेतली पाहिजेत.